समुद्रस्नानापूर्वी तिथी पाहा

सुट्टी लागली की अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली किंवा गोव्याचे बेत ठरू लागतात. टोपी, टॉवेल, मुलांचा चेंडू सारे आठवणीने घेतले जाते. भरती-ओहोटीची वेळ मात्र क्वचितच कुणी पाहते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता. समुद्राचा आनंद अवश्य लुटावा, पण त्याची रीत समजून घेऊनच.

भरतीचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर एक सोपा हिशेब पूर्वापार चालत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती येते. चतुर्थीला 3 च्या सुमारास, अष्टमीला 6 च्या सुमारास. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून नेमकी वेळ तिथल्या कोळी बांधवांना विचारून घ्यावी.

ओहोटी लागली की पोहायला उतरू नये. भरती चढताना दूरच्या खडकांवर फोटोसाठी जाऊ नये; परतीची वाट पाहता पाहता पाण्याखाली जाते.

फसवे शांत पाणी

दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतो आहे, तर तिथे मुळीच जाऊ नये. किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा तिथूनच वेगाने खोल समुद्राकडे परतत असते. अशा ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट धरू नये. चांगला पोहणाराही थकतो. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे.

पाण्यात कमरेपेक्षा खोल जाऊ नये. लहान मुले हाताच्या अंतरावरच असावीत, कारण बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. साडी, जीन्स भिजून जड होतात. मद्यपान करून तर पाण्यात पाऊलही टाकू नये. लाल बावटा दिसला किंवा जीवरक्षकाची शिट्टी ऐकू आली, तर वाद न घालता बाहेर यावे.

जलक्रीडा करताना

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. म्हणून बोटीत बसण्यापूर्वी परवाना विचारावा, माणसे मोजावीत. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसणारे हवे आणि त्याचे सर्व पट्टे बांधलेले हवेत. गर्दी जास्त वाटली, तर पैसे गेले तरी चालतील, पण उतरावे. पावसाळ्यात या हौशीला सुट्टीच द्यावी.

कुणी बुडताना दिसल्यास

मागोमाग उडी घेऊ नये. दोर, ट्यूब, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे तरंगेल ते फेकावे, जीवरक्षकाला हाक मारावी आणि 112 वर फोन करावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल, तर पाठीवर निजवून लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यभागी दाब द्यावा. डॉक्टरी मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे.

कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होडी पाण्यात लोटतो. रोज समुद्रात जाणाऱ्याला जो आदर वाटतो, तो दोन दिवसांच्या पाहुण्याने विसरू नये.