हुन्नर कोणता शिकावा?

आजकाल दलित तरुणाला जो तो एकच उपदेश करतो : बाजारात ज्या कौशल्याला मागणी आहे ते शिका, म्हणजे पुढे जाल. सरकारी जाहिरात हेच सांगते, महाविद्यालयातले मार्गदर्शन शिबिर हेच सांगते, आणि नोकरीत थोडा स्थिरावलेला आपलाच नातेवाईक लग्नाच्या मांडवात हेच ऐकवतो. उपदेश खोटा नाही, पण अर्धा आहे. कारण मागणी असलेले कौशल्य आणि ते शिकू पाहणारा हात यांच्यामध्ये या देशात नेहमी कोणीतरी उभा असतो. तो कोण हे कळल्याशिवाय हुन्नराची निवड म्हणजे अंधारात मारलेला दगड. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून मी काही वर्षे काढली आहेत; तेव्हा कारखान्याच्या अंगानेच हा प्रश्न मांडतो.

प्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांकडे पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीत ज्या कामाला भाव होता ते विणकाम. साचेखात्यातल्या विणकराची कमाई रिंगखात्यातल्या कामगारापेक्षा बरीच अधिक असे. आणि अस्पृश्य कामगार कुठे होते? बहुसंख्येने रिंगखात्यात, नाहीतर झाडलोटीच्या कामावर. साच्यावर त्यांना मज्जाव होता. याचे कारण हुशारीत नव्हते, ताकदीत नव्हते. ते एका लहानशा लाकडी धोट्यात होते. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासाने ओढून घेई. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. महाराचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असा स्पृश्य विणकरांचा सवाल होता. म्हणजे शंभर मैलांवरच्या गावातला पाणवठा वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यात जसाच्या तसा येऊन बसला होता.

यंत्र आले की जात जाते, असे मानणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांनी हा धोटा एकदा हातात घेऊन पाहावा. सूत तोंडानेच ओढले पाहिजे असा काही निसर्गाचा नियम नव्हता. तोंड न लावता ओवता येतील असे धोटे जगात बनत होते. रोग पसरतात म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तोंडाने ओढायच्या धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. ब्रिटनमध्ये ती १९५२ साली आली. मुंबईत मात्र धोटा बदलण्याऐवजी माणसालाच दाराबाहेर ठेवणे सोयीचे ठरले.

१९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. संपाच्या मागण्यांत अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळण्याची मागणी घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपापासून दूर राहायला सांगेन, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावले. त्यांनी ती नाइलाजाने घातली. मालकांनी दिलेले उत्तर नमुनेदार होते : हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! आणि एका अर्थी ते खरेच होते. दार अडवून उभा होता तो शेजारच्या साच्यावरचा कामगार, आणि भरती करणारा जॉबर. जॉबर माणसे आणी ती आपल्या गावची, आपल्या जातीची. काम शिकायचे ते ओळखीच्या माणसाच्या हाताखाली उभे राहून. ज्याला कोणी हाताखाली घेत नाही, त्याने हुन्नर शिकायचा कुठे?

पुढे ते दार हळूहळू किलकिले झाले. पण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि ज्या साच्यासाठी भांडण झाले तो साचा भंगारात गेला. उशिरा आत आलेल्याच्या वाट्याला कौशल्याचे शेवटचे दिवस येतात, हा आपल्या लोकांचा जुना अनुभव आहे.

बाबासाहेबांनी यातून काय निष्कर्ष काढला ते पाहण्याजोगे आहे. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपले भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्या हव्यात, असा त्यांचा आग्रह त्यात दिसतो. त्यासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी मागणी. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असे ते म्हणाले. हुन्नर वर्गात अर्धाच शिकता येतो. उरलेला कारखान्याच्या जमिनीवर, अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून शिकायचा असतो, आणि ती शेजारची जागाच आपल्याला नाकारली जाते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

आता आजचा कारखाना पाहा. सध्या सीएनसी यंत्राच्या कामाला मागणी आहे असे सर्वत्र सांगतात, आणि ते बरोबर आहे. परंतु त्या एका यंत्राभोवती तीन पायऱ्या असतात. ऑपरेटर तुकडा चढवतो, बटण दाबतो, तुकडा उतरवतो. सेटर हत्यारे बसवतो, त्यांची मापे यंत्राला देतो, पहिला तुकडा मायक्रोमीटरने तपासतो आणि माप चुकले तर दुरुस्त करतो. प्रोग्रामर नकाशा वाचून यंत्राने काय करावे ते लिहितो. पगार चढतो तो दुसऱ्या पायरीपासून. थोड्या आठवड्यांचा ऑपरेटरचा अभ्यासक्रम केलेला मुलगा पहिल्या पायरीवर येतो, आणि तो ठेकेदाराकडून आला असेल तर बहुधा तेथेच राहतो. सेटिंग शिकवतो तो जुना सेटर. आणि तो कोणाला शिकवतो? रात्रपाळीत ज्याच्याशी डबा वाटून खातो त्याला. माझा एक विद्यार्थी एका कारखान्यात दोन वर्षे राबला. आडनाव कळल्यावर त्याला सेटिंगच्या वेळी मुद्दाम दुसऱ्या यंत्रावर पाठवीत. आजचे रिंगखाते आणि साचेखाते एकाच यंत्राच्या अलीकडे-पलीकडे असते!

म्हणून मी मुलांना सांगतो की यंत्राचे नाव विचारू नका, पायरी विचारा. संस्थेत हत्यार चालवण्याइतकेच लक्ष अभियांत्रिकी चित्रकलेकडे आणि कर्मशाळा गणिताकडे द्या. आपली मुले नेमके हे दोन विषय कंटाळून सोडतात. शाळेत गणित धड शिकवलेले नसते, त्याची ही फळे. पण नकाशा वाचता येणाऱ्याला सेटरच्या मेहेरबानीची गरज निम्म्याने कमी होते. नकाशातली मापे आडनाव विचारत नाहीत.

दुसरी गोष्ट कागदाची. सगळी प्रमाणपत्रे सारखी नसतात. वीजतंत्री, तारतंत्री, फिटर म्हणजे सरकारी भाषेतला जोडारी, हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. संधाता म्हणजे वेल्डर एका वर्षाचा. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतले अल्पमुदतीचे वर्ग मात्र काही शे तासांचेच असतात. महावितरणला विद्युत सहायक हवा असतो तेव्हा ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे प्रमाणपत्र मागते. अल्पमुदतीच्या वर्गाचा कागद तेथे चालत नाही. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीतही तसेच. घरात आजच चूल पेटवायची असेल तर अल्पमुदतीचा वर्ग करावा, त्याला माझी ना नाही. पण दहावी झालेल्या मुलाला दोन वर्षे थांबवण्याची ऐपत ज्या घरात कशीबशी आहे, तेथे कार्यकर्त्याने दोन वर्षांच्याच बाजूने बोलावे.

तिसरी गोष्ट उमेदवारीची. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा. १९७३ साली त्यात ३ अ हे कलम घालून अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावे लागतात. या कायद्याची दुसरी बाजूही मुलांना आधीच सांगावी. उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसतो, आणि मुदत संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. तरीही ही जागा मोलाची आहे, कारण सेटरच्या शेजारी उभे राहण्याचा हक्क येथे ओळखीने नव्हे, कायद्याने मिळतो. खासगी उद्योगात नोकरीला आरक्षण नाही, पण शिकण्याच्या जागेला आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? सभेत विचारले तर क्वचित एखादा हात वर होतो.

शेवटी ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या एकच काम मारले गेले त्यांच्याविषयी. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, अंमलात आला. त्याच्या १३ व्या कलमात अशा कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एका प्रौढ व्यक्तीला उपजीविकेच्या कौशल्याचे प्रशिक्षण आणि त्या काळात दरमहा किमान तीन हजार रुपये विद्यावेतन देण्याची तरतूद आहे. पुढे २०२३ साली 'नमस्ते' योजना आली. तिचा भर गटार आणि सेप्टिक टाकीच्या कामगारांच्या सुरक्षिततेवर, साधनांवर आणि सफाईच्या यंत्रांसाठी साहाय्यावर आहे. माणूस गटारात उतरू नये म्हणून यंत्र यावे, हे शंभर टक्के खरे. परंतु त्या यंत्राच्या चाकापाशीही पुन्हा त्याच वस्तीतला मुलगा बसणार असेल, तर हत्यार बदलले आणि वाटणी तीच राहिली. कायदा त्याला दुसरा हुन्नर निवडू देतो. तेव्हा ज्यांची वस्ती अशी आहे त्या कार्यकर्त्यांनी नगरपालिकेला लेखी विचारावे : सर्वेक्षणात किती नावे आली, त्यांपैकी किती घरांना प्रशिक्षण दिले, कोणते व्यवसाय त्यांच्यापुढे ठेवले, आणि विद्यावेतन किती महिने पोचले. व्यवसायांच्या यादीत वीजतंत्री आहे की फक्त सफाईच्या यंत्राचा चालक, हे आधी पाहावे.