घरी बांधलेल्या विमानात ताजी हवा येते कशी?

अमेरिकेत अनेक हौशी लोक सुटे भाग आणून गॅरेजमध्ये स्वतःचे छोटे विमान बांधतात. पारदर्शक छताखालची केबिन उन्हात लवकर तापते. म्हणून तिच्यात ताज्या हवेची सोय करावी लागते.

हवा घेणारे तोंड बाहेर आलेले असेल, तर ते वाऱ्याला अडते. त्यामुळे अनेक जण ‘नॅका’ पद्धतीचे तोंड बसवतात. नासाच्या आधीच्या ‘नॅका’ या संस्थेने ते १९४०च्या दशकात विकसित केले. ते विमानाच्या पत्र्यात खोलगट बसते. पुढे ते अरुंद असते, मागे रुंद होत जाते आणि त्याचा तळ हळूहळू उतरतो. कडांवर तयार होणारे भोवरे हवा आत खेचतात. पुढे लवचीक नळीतून ती वैमानिकापर्यंत पोहोचते.

मात्र हे तोंड धुराच्या नळीमागे आले, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. या वायूला ना रंग, ना वास. डोके दुखते, गुंगी येते आणि धोका कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आलेल्या हवेला बाहेर जायला वाटही हवी. नाहीतर नवी हवा पुरेशी येत नाही. पण आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेरची ओढ जास्त झाली, तर केबिनमधला दाब घटतो आणि इंजिनाकडच्या फटींतून धूर आत ओढला जातो. म्हणून इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून तारा-नळ्या जिथे जातात, तिथल्या फटी उष्णता सोसणाऱ्या लेपाने बुजवतात आणि या वायूची सूचना देणारे यंत्र वैमानिकासमोर लावतात.