असं का होतं? : थांबलेली गाडी का टिकटिकते?

समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव. त्यामुळे जालन्याकडून नागपूरला निघालेले बुलेटस्वार सिंदखेडराजा, सुलतानपूर करत मेहकरला येतात. चहासाठी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, तरी खालून आवाज येतच राहतो : टिक... टिक... टिक.

हा बिघाड नव्हे. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. सायलेन्सरची एक मीटर लोखंडी नळी २५० अंशांनी तापली, तर सुमारे ३ मिलिमीटर लांब होते. गाडी थांबली की ती पुन्हा आखडू लागते. पण सगळे भाग सारखे निवत नाहीत. पातळ पत्रा लवकर गार होतो, जाड भाग सावकाश. ॲल्युमिनियम तर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. बोल्टने जखडलेल्या या भागांत ओढाताण होते. घर्षणामुळे ते क्षणभर अडतात आणि ताण वाढला की केसभर सरकतात. तीच टिक! अडकलेला ड्रॉवर झटक्याने सुटावा, तसं. उन्हाळ्यात दिवस मावळताना घरावरचे टिनपत्रे कडकडतात, तेही यामुळेच.

सुरुवातीला गाडी खूप गरम असते, म्हणून वेगाने निवते आणि टिकटिक भरभर होते. पुढे ती विरळ होत जाते.

तोवर इंजिनावर गार पाणी मात्र ओतू नका. एकदम आकसलेल्या धातूला तडा जाऊ शकतो. निवांत चहा घ्या. गाडीलाही तेवढी उसंत हवी असते.