पैसे घ्या, पण पत्ता बघून!

आमच्या विंगमधल्या एकाने सुट्टीत परदेशातल्या कुणाला तरी वेबसाइट करून दिली. मोबदला आला यूएसडीटीमध्ये. पठ्ठ्या एकदम खूश! पण एक्सचेंजवर टाकताच पैसे अडकले. कारण काय, तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर चोरीचा पैसा आलेला. मेसचं बिल शेवटी आम्ही वर्गणी काढून भरलं.

क्रिप्टोचा पत्ता म्हणजे अक्षर-अंकांची लांबलचक ओळ. तिच्यावर नाव नसतं, पण प्रत्येक व्यवहार ब्लॉकचेनवर कायमचा नोंदला जातो. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्सचेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. ते कितीतरी पत्त्यांतून फिरवले, तरी माग काढत २०२२ मध्ये अमेरिकेने त्यातले ९४ हजारांहून जास्त जप्त केले!

पत्ता तपासणारी सॉफ्टवेअर्स हाच माग बघतात. पत्ता बंदीच्या यादीत आहे का? पैसे मिक्सरमधून फिरून आलेत का? त्यावरून जोखमीचा आकडा मिळतो. अर्थात तो अंदाजच. कोऱ्या पत्त्याला इतिहासच नसतो, म्हणून तो स्वच्छ ठरत नाही.

मग करायचं काय? आलेले पैसे नाकारता येत नाहीत, म्हणून समोरच्याचा पत्ता आधी मागा, तपासा, मगच आपला द्या. आणि तपासायला नुसता पत्ता पुरतो. कोणी वॉलेट जोडायला किंवा गुप्त शब्द टाकायला सांगितलं, तर तो तपासनीसच चोर समजा.

जर्नल उतरवताना कोणाचं आहे ते बघतोच ना आपण? पैसे घेताना पण बघा!