तारखेचा शिक्का

गेल्या महिन्यात माझ्या नातीने टॅबवर काढलेले एक चित्र मला दाखवले. नात अकरावीत आहे. हल्लीची मुले रंग, ब्रश, पाण्याचा पेला असा पसारा मांडत नाहीत. काचेवर लेखणी फिरवतात आणि तिच्यातून जलरंग उमटतात, तैलरंगही उमटतात. या चित्रात एक भले थोरले घड्याळ होते आणि पिळदार दंडांचा एक पुरुष त्याचा मिनिटकाटा दोन्ही हातांनी मागे रेटत होता. पायाखाली कवट्या, डोक्यावर काळे ढग. नाव : 'मानव विरुद्ध काळ'.

घरच्या ग्रुपवर हे चित्र आदल्या दिवशीच येऊन गेले होते. काका, आत्या, आतेभावंडे, सगळ्यांनी अंगठे, फुले आणि टाळ्या यांचा वर्षाव केला होता. मी तेवढा गप्प होतो, म्हणून ती समक्ष विचारायला आली. "आबा, खरं सांगा, कसं झालंय?"

'खरं सांगा' म्हणणाऱ्याला खरे ऐकायचे असतेच असे नाही, हे बँकेच्या कर्ज विभागात इतकी वर्षे काढल्यावर मला कळायला हवे होते. पण मी म्हणालो, "हात सफाईदार आहे तुझा. पण हा माणूस कोण? असा माणूस तू कुठे पाहिलास? दंड थोपटून काळाशी लढताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही."

"मग कसे लढतात?" तिने विचारले. चेहरा उतरला होता.

मला उत्तर सुचले नाही. ते रात्री सुचले, आणि सुचले ते बँकेतल्या रबरी शिक्क्यावरून.

ज्या काळी शाखेत संगणक नव्हता, त्या काळी सकाळी उठून शिक्क्यावरची तारीख बदलणे हे पहिले काम असे. एकदा मी ते विसरलो. दोन तास आमची अख्खी शाखा आदल्या दिवसात वावरत होती. मग एकेक व्हाउचर काढून दुरुस्त करताना संध्याकाळचे साडेसात वाजले. काळ मागे रेटण्याचा माझा एवढाच अनुभव.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तिला ऑन कावारा या जपानी चित्रकाराविषयी सांगितले. न्यूयॉर्कला राहणाऱ्या या गृहस्थाने ४ जानेवारी १९६६ रोजी एकरंगी कॅनव्हासवर पांढऱ्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख रंगवली. बाकी काही नाही, फक्त तारीख. नियम असा, की चित्र त्याच दिवशी पुरे व्हायला हवे. मध्यरात्रीपर्यंत झाले नाही तर नष्ट करायचे. २०१४ साली तो वारला, तोवर अशी जवळजवळ तीन हजार चित्रे झाली होती. शिवाय तो ओळखीच्यांना तारा पाठवी. मजकूर एवढाच, की मी अजून जिवंत आहे. आम्ही पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, त्यात याहून वेगळे काय असते? फक्त आमच्या दाखल्याला कुणी कला म्हणत नाही.

दुसरा रोमान ओपाल्का. पोलिश चित्रकार. १९६५ साली त्याने वॉर्सा शहरात काळ्या कॅनव्हासवर पांढऱ्या रंगात १ हा आकडा काढला. मग २, मग ३. पुढे पार्श्वभूमी करडी झाली आणि १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या रंगात तो एक टक्का पांढरा मिसळू लागला. म्हणजे आकडे हळूहळू पांढऱ्यावर पांढरे होत जाणार. दिवसाचे काम संपले की तो स्वतःचा फोटो काढी. २०११ साली मृत्यूने गाठले तेव्हा तो ५६,०७,२४९ या आकड्यावर होता. आयुष्यभर खतावणी लिहिलेल्या मला हा माणूस भाऊबंदांतला वाटतो.

आणि तिच्या माध्यमाच्या जवळचे म्हणून तिसरे उदाहरण दिले. हॉलंडमधल्या शिफोल विमानतळावर मार्टेन बास याचे एक घड्याळ २०१६ साली बसवले गेले. ते म्हणजे बारा तासांची फिल्म आहे. तबकडीमागे एक कामगार दिसतो. तो दर मिनिटाला काटा पुसतो आणि नवा रंगवतो. पुसणे आणि रंगवणे, बारा तास.

"बघ," मी म्हणालो, "यांच्यापैकी एकानेही काटा मागे रेटलेला नाही."

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे माझं चित्र वाईट."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिने टॅब माझ्यासमोर धरला. "निदान किती मेहनत घेतली ते तरी बघा." तिच्या त्या ॲपमध्ये प्रत्येक फटकारा नोंदला जातो म्हणे. अकरा तासांचे काम अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढून धावू लागले. सुरुवातीला घड्याळ नव्हते, पुरुषही नव्हता. एक हात होता. सुरकुतलेला, दोन बांगड्यांचा. चिमटीत मनगटी घड्याळाची चावी. क्षणभर दिसला आणि पुसला गेला.

"थांब. मागे घे."

हिचा हात होता तो. म्हणजे माझ्या पत्नीचा. ती जाऊन तीन वर्षे झाली. शेवटच्या दिवसांत घड्याळाला चावी देण्याइतकी शक्ती तिच्या बोटांत राहिली नव्हती. पण घड्याळ बंद पडू द्यायचे नाही, हा हट्ट. तेव्हा रोज सकाळी ही पोर शाळेत जाण्यापूर्वी तिच्यापाशी बसे आणि आजीच्या बोटांवर आपली बोटे ठेवून चावी फिरवे. हे मला त्या दिवशी कळले. त्या सकाळी मी शेजारच्या खोलीत कादंबरीची मुद्रिते तपासत असे.

"हे का पुसलंस?"

"नुसता म्हातारा हात, आबा. कुणाला आवडला असता? झगडा म्हणजे कसा मोठा दिसायला हवा ना."

मी तिला खतावणीचा एक नियम सांगितला. आकडा चुकला तर खोडरबर लावायचे नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे, कारण पुष्कळदा असे निघते, की बरोबर होता तो खालचाच. आणि मग माझ्या गप्प बसण्याबद्दल तिची माफी मागितली. कोणत्या गप्प बसण्याबद्दल, ते तिला कळले असावे.

तिने चित्र पुन्हा काढले. ग्रुपवर टाकले नाही, फक्त मला दाखवले. घड्याळ, दोन बांगड्या, बोटे, सगळे जिथल्या तिथे. टीकाकाराची खोड जात नाही. मी म्हणालो, "उत्तम आहे. अंगठा तेवढा आजीच्या मानाने जाड झालाय. तिचा असा नव्हता."

"तो तिचा नाही, आबा," ती म्हणाली. "तो माझा आहे."