शेळीचं दूध ‘जवळचं’, पण कशात?

गेल्या महिन्यात मामीचा फोन आला. मामेबहिणीला जुळं झालंय, दूध पुरत नाही आणि दारात शेळी आहे. “अगं, तू दुधावरच पीएचडी करतेस ना? शेळीचं दूध आईच्या दुधाच्या सगळ्यात जवळचं असतं म्हणतात. देऊ का?”

“नको, आधी बाळांच्या डॉक्टरांना विचारा,” असं मी पटकन सांगितलं. पण मामीने “का नको?” विचारलं तेव्हा मला नीट सांगता येईना. दोन वर्षं दुधातल्या प्रथिनांवर काम करूनही! त्या रात्री बसून जे वाचलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. संशोधनाची तयारी करताना अशी वाक्यं तुम्हालाही भेटणार आहेत. ‘जवळचं’ हा शब्द मोजता येत नाही, त्यामुळे त्याचे आधी तीन प्रश्न करायचे.

१. कोणासाठी?

माणसाच्या बाळाचं जन्माचं वजन दुप्पट व्हायला साधारण पाच महिने लागतात. करडाला तीन-चार आठवडे पुरतात, तर कुत्र्याच्या पिल्लाला नऊ-दहा दिवस. आता १०० मिली दुधातली प्रथिनं बघा: आईच्या दुधात सुमारे १ ग्रॅम, शेळीच्या दुधात साडेतीनच्या आसपास, कुत्रीच्या दुधात सात-आठ. जितकी वाढ झपाट्याची, तितकं दूध घट्ट. हा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाझेलच्या गुस्टाव्ह फॉन बुंगे यांनी तक्ता करून दाखवला होता.

म्हणजे तेच शेळीचं दूध पोरक्या पिल्लाला पातळ पडतं आणि तान्ह्या बाळाला जड जातं. जास्तीची प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकायला बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना जास्त पाणी लागतं. उन्हाळ्यात किंवा जुलाब लागल्यावर हे धोक्याचं ठरतं. पोरक्या कोकराला मात्र हेच दूध बऱ्यापैकी चालतं, कारण मेंढीचं दूध याहून घट्ट असलं तरी फरक पेलण्यासारखा असतो.

२. कोणत्या घटकात?

“मग पाणी घालून द्यावं,” असं तुम्ही म्हणाल. मामीही हेच म्हणाली. पाण्याने प्रथिनं कमी होतात, पण त्याबरोबर स्निग्धांश, उष्मांक आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. आणि खरी गोम जीवनसत्त्वातच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत युरोपात डॉक्टरांना फक्त शेळीच्या दुधावर वाढलेल्या बाळांमध्ये एक वेगळाच रक्तक्षय दिसू लागला. जर्मन डॉक्टरांनी त्याला ‘शेळीच्या दुधाचा रक्तक्षय’ असंच नाव दिलं. याचं कारण समजायला ज्या कामाची मदत झाली, ते आपल्या मुंबईत झालं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स इथे आल्या आणि गरीब गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला तेव्हाचा अनोळखी घटक म्हणजे आजचं फोलेट.

आता हिशेब तुम्हीच करा. आईच्या दुधात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त फोलेट असतं, शेळीच्या दुधात १० च्या आसपास किंवा कमीच. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला रोज सुमारे ६५ मायक्रोग्रॅम हवं असं मानतात. पाऊण लिटर शेळीचं दूध प्यायलं तरी पोटात जेमतेम सात-आठ जातं. उकळलं की त्यातलंही काही नष्ट होतं, आणि न उकळता द्यावं तर ब्रुसेलाच्या संसर्गाची भीती. करडाचं मात्र निभावतं. ते लवकरच पाला कुरतडू लागतं आणि त्याच्या पोटातले जिवाणू फोलेट तयार करतात.

३. कशाच्या तुलनेत?

इथे नवखा संशोधक हमखास फसतो. ऑस्ट्रेलियातला २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्हाला सापडेल. २०० बाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं होतं. शेळीच्या दुधापासून बनवलेल्या फॉर्म्युल्यावरची बाळं गायीच्या दुधाच्या फॉर्म्युल्यावरच्या बाळांसारखीच वाढली. यावरून “शेळीचं दूध बाळाला चालतं” असं लिहाल? थांबा. त्या डब्यात फोलेट वरून घातलेलं असतं, प्रथिनं आणि क्षार बाळाला झेपतील इतके ठेवलेले असतात. तुलना दोन फॉर्म्युल्यांची होती, दारातल्या शेळीच्या दुधाची नव्हे. सारांश वाचून निष्कर्ष उचलण्याआधी ‘पद्धती’ हा भाग वाचा, असं मार्गदर्शक का सांगतात, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मामीला फोन करून हे सगळं सोप्या भाषेत सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे दूध वाईट नाही, बाळ लहान आहे.” माझी दोन पानांची टिपणं तिने एका वाक्यात आणली. डॉक्टरांनी बहिणीला स्तनपान वाढवायला मदत केली आणि वरचं काय व किती द्यायचं ते ठरवून दिलं. शेळीचं दूध सध्या मामाच्या चहात जातंय.

तुमच्या विषयातही एखादं ‘सगळ्यात जवळचं’, ‘सगळ्यात नैसर्गिक’ असं वाक्य असेलच. त्याला हे तीन प्रश्न विचारून बघा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.