मुडदुशी कशी गरवावी?

मालवणच्या खाणावळीत बसून ‘आज मुडदुशी आहे का?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. ती पाण्यात कुठे राहते, काय खाते आणि गरीला कशी लागते, हे विचारणारा मात्र क्वचितच आढळतो. आपल्या वार्षिकात दरवर्षी कथा, कविता व प्रवासवर्णने यांची रेलचेल असते. त्यांच्या पंगतीत एक मासा येऊन बसलेला पाहून काही गुरुजन भुवया उंचावतील, याची मला जाणीव आहे. परंतु मसुऱ्याच्या मुलाला होडीतून गरवणे हे चालण्याबोलण्याइतकेच लहानपणी येते, आणि येते म्हणूनच त्यामागचा विचार शब्दांत मांडण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तो विचार मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम माशाची ओळख. मुडदुशी म्हणजे वीतभर लांबीचा, निमुळत्या तोंडाचा, फिकट रुपेरी अंगाचा मासा. मुंबईकडे हिला नगली म्हणतात, गोव्यात मुड्डोशी, मंगळूरकडे काणे आणि तमिळ मुलखात किळंगान. इंग्रजीत हिला ‘लेडी फिश’ असेही म्हणतात आणि ‘इंडियन व्हायटिंग’ असेही. यातल्या दुसऱ्या नावाने फसू नये. इंग्लंडच्या थंड समुद्रातला व्हायटिंग हा कॉड माशाच्या कुळातला. आपल्या मुडदुशीशी त्याचे काही नाते नाही. दोघांचेही मांस पांढरे व हलके, एवढ्यावरून साहेबाने ओळखीचे नाव इथल्या माशाला चिकटवले असावे. शास्त्रीय नाव सिलागो सिहामा. तांबड्या समुद्राच्या काठी या माशाची नोंद करणारा फोर्सकाल हा निसर्गशास्त्रज्ञ १७६३ साली येमेनमध्येच वारला. त्याच्या टिपणांचे पुस्तक कार्स्टेन नीबूर या सहप्रवाशाने १७७५ साली प्रसिद्ध केले. आपल्या किनाऱ्यावरही या माशाचा अभ्यास झाला आहे. कारवारच्या पाण्यातील मुडदुशीच्या प्रजननावर पालेकर व बाळ यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला होता.

गरवणाऱ्याने या सर्वांतून एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: मुडदुशी हा रेतीवरचा मासा आहे. ती रेतीवर चरते, रेतीतले किडे, लहान कोळंब्या व झिंगे टिपून खाते, आणि घाबरली की डोके खुपसून रेतीतच शिरते. रापण ओढणाऱ्यांच्या पायाखालून ती अशीच निसटते. तेव्हा मुडदुशी शोधायची म्हणजे पाण्याखालची रेती शोधायची. बाकीच्या साऱ्या युक्त्या यामागून येतात.

आता आमची खाडी. सह्याद्रीत उगम पावून कणकवलीवरून येणारी गड नदी मसुऱ्याला भरतगडाच्या पायथ्याजवळून वाहते. पलीकडच्या काठावर भगवंतगड. इथपर्यंत भरतीचे पाणी चढते. पुढे हडी, कालावल असे करीत ही कालावलची खाडी तळाशील आणि सर्जेकोट यांच्यामधून समुद्राला मिळते. तळाशील ही तर समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये पसरलेली रेतीची एक लांबट पट्टीच आहे. पावसाळ्यात गडीचे तांबडे पाणी खाली येते तेव्हा मुडदुशी मुखाकडे आणि समुद्राकडे सरते. दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळू लागले आणि खारेपणा वर चढू लागला की ती पुन्हा खाडीत शिरते. उन्हाळ्यात तर अगदी आमच्या गावापर्यंत एखाददुसरी लागते. तरी खरी गरवण खालच्या अंगाला, कालावलच्या पुलाखालून तळाशीलपर्यंतच्या रेतीच्या बांधांवर.

पाण्याखाली रेती आहे की चिखल, हे वरून कसे कळावे? आमचे आजोबा यासाठी बांबूची लांब काठी वापरीत. काठी तळाला टेकवून किंचित फिरवली की रेती ‘खर्र’ असा आवाज काठीतून हातापर्यंत पोचवते. चिखल मात्र काठी मुकाट्याने गिळतो. पाणी खोल असेल तर शिशाच्या बुडाला साबण चोपडून ते तळाला टेकवावे आणि वर घ्यावे. रेतीचे कण साबणाला चिकटून येतात. जुने खलाशी चरबी लावून हेच करीत. पण सर्वांत चांगली जागा सपाट रेतीची नव्हे. रेतीचा बांध जिथे उतरत जाऊन खोल पाण्याला मिळतो, ती उतरण पाहावी. भरतीबरोबर मासा या उतरणीवरून चरत बांधावर चढतो आणि ओहोटीबरोबर तिथूनच खाली उतरतो. आपण त्याच्या वाटेवर बसायचे.

वेळेचे गणित पंचांगावरून करता येते. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशोब समुद्रकाठचा. खाडीतून वर येता येता पाण्याला उशीर होतो, म्हणून मसुऱ्यात बसून गणित करणाऱ्याने तेवढी सवड धरावी. उधाणाच्या दिवशी पाण्याला ओढ फार असते आणि ते गढूळही होते. भांगाच्या दिवशी पाणी इतके मंद असते की मासाही आळसावतो. मला विचाराल तर मधल्या तिथी, दशमी ते त्रयोदशी, उत्तम. त्यातही भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास. सकाळी मतलई वारा असतो तोवर होडी स्थिर राहते. दुपारी खारा वारा उठला की गरवण संपली असे समजावे. एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये: जोराची ओहोटी बाहेर धावत असताना समोरून वारा आला, तर खाडीच्या तोंडाशी उभ्या लाटा उठतात. लहान होडी घेऊन त्या वेळी तिथे जाणे हे धाडस नव्हे, वेडेपणा आहे.

साहित्य म्हणाल तर फारच थोडे. काठीची गरज नाही, हातदोर पुरे. बारीक तंगूस घ्यावा. जाड तंगुसाला पाणी अधिक ओढते आणि माशाचा टोचा हाताला कळत नाही. मुडदुशीचे तोंड लहान, म्हणून गरीही लहान, पण अणकुचीदार. भोक पाडलेले शिसे दोरात ओवून त्याच्या खाली गाठ मारावी, म्हणजे शिसे गाठीपाशी अडते. गाठीखाली दीड हात तंगूस मोकळा सोडून टोकाला गरी बांधावी. यामुळे शिसे तळाला राहते आणि आमिष त्याच्या मागे रेतीवर लोळते. माशाने आमिष ओढले की दोर शिशातून सरकतो, त्याला वजन जाणवत नाही. शिशाचे वजन पाण्याच्या ओढीप्रमाणे बदलावे: मंद पाण्यात हरभऱ्याएवढे, ओढीच्या पाण्यात सुपारीएवढे. शिसे तळाला टेकले पाहिजे, पण हळूहळू सरकतही राहिले पाहिजे. सरकताना ते रेतीची बारीक धूळ उडवते आणि मुडदुशी ती धूळ पाहून धावते. एखादा किडा उकरला गेला असे तिला वाटत असावे. याच कुळातले मासे ऑस्ट्रेलियातही लहान होड्यांतून गरवले जातात. तिथले हौशी लोक गरीच्या वर तांबडी नळी किंवा मणी ओवतात, तो किड्याचा रंग म्हणूनच.

आमिष ताजे हवे, याबाबत तडजोड नाही. बर्फातली कोळंबी मऊ पडते आणि केंड ती क्षणात कुरतडून नेतो. ओल्या रेतीतले किडे सर्वांत उत्तम, त्याखालोखाल खाडीतलीच बारीक कोळंबी सोलून, नंतर तिसऱ्यांचे मांस. करंगळीच्या नखाएवढा तुकडा गरीवर असा ओवावा की गरीचे टोक नुसते झाकले जावे. लोभाने मोठा तुकडा लावणाऱ्याला आमिषाच्या दोन्ही बाजू खाल्लेल्या आणि गरी रिकामी मिळते.

होडीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि नवख्यांना सर्वांत अवघड. प्रथम नांगर टाकू नये. बांधाच्या वरच्या बाजूला जाऊन होडी पाण्याबरोबर सोडून द्यावी आणि दोर तळाशी ठेवून उतरणीच्या कडेने वाहत जावे. पहिली मुडदुशी जिथे लागेल ती जागा काठावरच्या दोन खुणांनी मनात धरावी. एक माड आणि त्यामागचे एखादे छप्पर सरळ रेषेत आले की पुरे. मग वल्हवत पुन्हा वर यावे आणि त्या जागेच्या वर नांगर हळूच पाण्यात सोडून, दोरी देत देत होडी मागे न्यावी. नांगर धपकन टाकला की मासा रेतीत गेलाच म्हणून समजा. वल्हे फळीवर आपटणे, तांब्या सांडणे, पाय बदलणे, हे सारे कमी पाण्यात खाली ऐकू जाते. मुडदुशी दीड-दोन वाव पाण्यातही मिळते, कधी कमरेएवढ्याही, म्हणून उन्हात आपली सावली बांधावर पडणार नाही अशा बाजूला बसावे.

टोचा दोनदा येतो. पहिला ‘टक्’ म्हणजे चाचपणी. त्या वेळी दोर ओढणारा रिकाम्या हाताने परततो. लहानपणी माझा हात नेहमी घाई करी. तेव्हा आजोबा हळूच म्हणत, “झिला, तेका खाऊक दी रे. भूक तेका लागली हा, तुका न्हय.” दुसऱ्या टोच्याबरोबर दोर किंचित ताठ होतो. तेव्हा झटका न देता नुसते मनगट उचलावे आणि दोर ढिला न पडू देता वर घ्यावा. ओठ नाजूक असतो, झटक्याने फाटतो. शेंगटी लागली तर ती हाताने सोडवू नये. तिचा काटा दिवसभर रडवतो. केंड लागला तर तो पोट फुगवून तुमच्याकडे पाहील; त्याला परत सोडावे, तो विषारी आहे. वीतभर न भरलेली मुडदुशीही ओल्या हाताने परत सोडावी. घरी आल्यावर मीठ, हळद, तिखट, आगळ आणि तांदळाचे पीठ, एवढेच. तिला मसाल्यात बुडवणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत.

इतके सर्व सांगून झाल्यावर खरी अडचण सांगितली पाहिजे. वर जी रेती शोधायला सांगितली, तीच आता बांधकामाची वाळू म्हणून खाडीतून वर येते. पूर्वी डुबी मारून हातपाटीने वाळू काढीत. माणसाच्या श्वासाची मर्यादा त्या कामाला होती. बांधाचा एक कोपरा जाई आणि पुढच्या पावसाळ्यात गड नदी तो भरून काढी. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहानसहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी आवश्यक ठरवली. तरीही रात्रीचे आवाज खाडीकाठच्या माणसाला ओळखता येतात. वाळू काढलेल्या जागी खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या तळाशी वाहत आलेला चिखल बसतो. मुडदुशीला चिखल चालत नाही आणि किड्यांना रेतीशिवाय घर नाही. काठ ढासळतात ते वेगळेच. यात वाळूच्या होडीवर राबणाऱ्या मजुराला दोष देऊन भागत नाही, हेही मला कळते; आमच्या स्वतःच्या घराचा नवा ओटा त्याच वाळूचा आहे.

आजोबांची एक जागा होती, पुलाच्या खालच्या अंगाला, भरतीलाही काठी निम्मी बाहेर राही अशा बांधाच्या उतरणीवर. खुणा मला पाठ आहेत. गेल्या माघात भरतीच्या शेवटच्या तासाला होडी तिथे नेली, माड आणि छप्पर एका रेषेत आणले आणि काठी खाली घातली. ती हातापर्यंत आत गेली, तरी तळ लागला नाही. मग शिशाला साबण लावून दोर सोडला. वर आला तेव्हा साबणावर काळा, गुळगुळीत चिखल होता.

आम्ही होडी तशीच पुढे वाहू दिली. तळाशीलच्या जवळ, पूर्वी आम्ही कधी न थांबलेल्या एका लहानशा बांधावर, काठीने ‘खर्र’ असा आवाज दिला. तिथे तीन मुडदुश्या मिळाल्या. एक वीतभर नव्हती, ती सोडली.